दंडावरची खूण

गेल्या वर्षीची, नोव्हेंबरातली गोष्ट. गुरुवारची रात्र, पावणेदोनचा सुमार. आमची चिऊ तेव्हा नऊ महिन्यांची होती. दोन दिवस सर्दी-ताप चालू होता आणि घरातली तीन मोठी माणसं तीन दिशांना तोंड करून होती. बायको डॉक्टरांच्या नर्स-लाइनला फोन लावून होल्डवर. मी लॅपटॉप उघडून बसलेलो, कारण दर दोन तासांचा ताप एक्सेलमध्ये भरायचं काम मी संध्याकाळपासून मोठ्या निष्ठेने करत होतो. आणि सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई स्वयंपाकघरात मीठ-मोहऱ्या शोधत होती.

"आई, आता दृष्ट वगैरे नको गं," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. "मिरच्या जाळल्यास तर स्मोक अलार्म वाजेल आणि फायर ब्रिगेड दारात येईल."

आई काही बोलली नाही. मोहऱ्यांची बरणी ठेवून ती चिऊजवळ आली, तिचा शर्ट वर केला आणि नुसती बघत बसली. मग म्हणाली, "अरे, तुझे ते आकडे राहू देत. हिचं पोट उडतंय बघ. बरगड्या आत ओढल्या जातायत."

तेवढ्यात नर्स लाइनवर आली. तिने ताप किती हे विचारलंच, पण लगेच पुढचा प्रश्न आला: श्वास घेताना बरगड्यांच्या मधली जागा आत जाते का? एक मिनिट श्वास मोजून सांगा. मी मोजले. चौसष्ट. "थांबू नका, लगेच निघा," ती म्हणाली.

आरएसव्ही नावाच्या व्हायरसने चिऊच्या श्वासनलिकांना सूज आली होती. दोन दिवस ऑक्सिजन लागला आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. आता ती ठणठणीत आहे आणि मागच्या वर्षीच्या दिवाळी अंकाची पानं फाडण्याचं काम तिने हाती घेतलंय. पण त्या रात्रीची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. हजारो डॉलरचा इन्शुरन्स, लॅपटॉप, थर्मामीटर सगळं हाताशी असताना जे बघायला हवं होतं ते दृष्ट काढायला निघालेल्या बाईने बघितलं.

हॉस्पिटलच्या खोलीत पहाटे आईने एक गोष्ट सांगितली. तिला एक मोठा भाऊ होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. १९५७ साली, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, तो तेवीस दिवसांचा होऊन गेला. पहिल्या दिवशी दूध ओढेना म्हणून पणजीने गुटी उगाळून दिली. दुसऱ्या दिवशी देवऋषाचा अंगारा आणला. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची बैलगाडी मागून तालुक्याच्या गावाला डॉक्टरकडे निघाले आणि बाळ वाटेतच गेलं. "त्याचंही पोट असंच उडत होतं म्हणे," आई म्हणाली. "तुझी आजी मला लहानपणापासून सांगायची, तापापेक्षा पोराचं पोट बघावं."

मी विचारलं, "पण पहिल्याच दिवशी का नाही निघाले?"

"कोण निघणार? ओली बाळंतीण, पुरुष माणसं शेतावर, गाडी दुसऱ्याची. आणि डॉक्टर कोण, कुठला, कोणाच्या ओळखीचा होता?"

एका वाक्यात आईने मला उत्तर दिलं होतं. आपण मात्र "पूर्वीचे लोक अडाणी, अंधश्रद्धाळू" म्हणून मोकळे होतो. नंतर सुट्टीत मी या विषयावर जरा वाचत सुटलो. आजारी मूल कोणाकडे न्यायचं, हे आपल्या लोकांनी गेल्या दोनशे वर्षांत कसं ठरवलं? इतिहास हा काही माझा विषय नाही, मी कॉम्प्युटरवाला. पण जे सापडलं ते इथे मांडावंसं वाटलं.

देवी काढणं

आमच्या आई-बाबांच्या पिढीतल्या कुणाच्याही दंडावर बघा. नाण्याएवढे एक-दोन खोलगट व्रण दिसतील. त्याला आपण "देवी काढल्या" असं म्हणतो. माझ्या दंडावर बीसीजीची बारीक खूण आहे. चिऊच्या दंडावर काहीच नाही, कारण इथे अमेरिकेत सरसकट बीसीजी देत नाहीत आणि तान्ह्या बाळांना सुया टोचतात त्या मांडीत.

"देवी" हा शब्दच बघा किती बोलका आहे. आजाराचं नावच देवीचं. देवी आल्या म्हणजे शीतळामाता अंगात पाहुणी आली. मग घरात कडुनिंबाचा पाला, थंड खाणं, शांतता, आणि औषध नाही, कारण औषध म्हणजे पाहुणीचा अपमान. आज हे वाचून हसू येईल, पण देवीच्या आजाराला नेमकं औषध कोणाकडेच नव्हतं. इंग्रज डॉक्टरकडेही नव्हतं. मग गारवा, स्वच्छता आणि विश्रांती देणाऱ्या देवीवर लोकांनी विश्वास ठेवला तर त्यात फार चूक काय?

१७९६ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचून दाखवली. ती लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईत पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लस यशस्वीपणे घेणारी ही पहिली व्यक्ती. फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता, मग लस पुढे कशी नेणार? तर मुलांच्या अंगावरूनच. एका मुलाला टोचायचं, आठवड्याभराने त्या जागी फोड आला की त्यातला द्रव काढून पुढच्या मुलांना टोचायचा. ॲनाच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचलं आणि तिथून ही साखळी देशभर गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर नेटवर्कमधला प्रत्येक नोड एक लहान मूल होतं.

आता हे आईबापांच्या बाजूने बघू या. बंगाल, ओडिशा, उत्तर हिंदुस्थानात टोचण्याची पद्धत लस यायच्या आधीपासून होती. टिकादार ब्राह्मण घरोघर जाऊन खऱ्या देवीच्याच फोडातला अंश थोडा टोचायचे. त्यात धोका होता, काही मुलं दगावायची, साथही पसरू शकायची. पण टिकादार ओळखीचा असे. तो पूजा करायचा, पथ्य सांगायचा आणि मूल बरं होईपर्यंत येत राहायचा. सरकारी टोचणारा आला की दंडावर चरे पाडून निघून जायचा. आठवड्याने परत यायचा तो बहुतेक वेळा त्याच मुलाच्या फोडातला द्रव काढून घ्यायला. कुठल्या जातीच्या, कुठल्या आजाराच्या पोराचा द्रव आपल्या पोरात येतोय हे कळायला मार्ग नाही. टोचणारा गावात आला की आया मुलं लपवायच्या, याचं नवल वाटायला नको.

लस चांगली होती, टिकादारीपेक्षा कितीतरी सुरक्षित होती. पण ती आणणारा माणूस घरचा नव्हता. १८८० मध्ये सक्तीचा कायदा झाला, काही शहरांत लागू झाला. हळूहळू मुलाच्या दंडाऐवजी वासरांपासून तयार केलेली लस आली आणि एक मोठी भीती गेली. तरी भारतातली देवीची शेवटची केस उजाडायला १९७५ साल यावं लागलं. ॲना डस्टहॉलपासून मोजलं तर १७३ वर्षं. एवढ्या वर्षांत लोकांनी एक मजा केली. लस स्वीकारली, पण तिला नाव दिलं "देवी काढणं". नव्या उपायाला घरच्या देवीच्या नावाने आत घेतलं.

कल्याणची यमुना

आपल्या न्यू जर्सीकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट आता सांगतो. कल्याणची यमुना, म्हणजे लग्नानंतरची आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. आपल्याला "पहिली महिला डॉक्टर" म्हणून शाळेत धड्यात ती भेटते, पण तिच्या डॉक्टर होण्याच्या मुळाशी हे दहा दिवसांचं बाळ आहे.

१८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरला तिने अमेरिकेला जाण्याची कारणं सांगणारं भाषण केलं. तिचा मुद्दा साधा होता. डॉक्टर असून उपयोग नाही, कारण बायका पुरुष डॉक्टरसमोर जायला, बोलायला संकोचतात. म्हणून बाई डॉक्टर हवी, तीही आपल्यातली. विचार करा, हे तेच आहे जे लसीच्या बाबतीत झालं. विद्या आली होती, पण ती ज्याच्या हातात होती त्याच्यासमोर घरातली बाई दार उघडत नव्हती. आणि तान्हं मूल तर आईच्या कुशीतच असतं. आई बाहेर पडली नाही तर मूलही नाही.

त्याच वर्षी ती बोटीने अमेरिकेला आली. तिला आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाई राहायच्या रोझेलला, आमच्या एडिसनपासून गाडीने अर्ध्या तासावर. मी रोज त्या भागातून कामाला जायचो आणि मला पत्ता नव्हता! मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे अमेरिकेत येऊनही त्यांनी आपल्या घरचं ज्ञान केराच्या टोपलीत टाकलं नाही, ते उलगडून तपासलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली, पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस. एकाही पेशंटला त्यांचा लाभ मिळायचा राहिला.

त्यानंतर दहा वर्षांनी पुण्याला प्लेगने घेरलं. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याचा दवाखाना हडपसरजवळ माळावर. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचं कळलं तेव्हा सहासष्टीच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात पोचवलं. मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या काळात लोक प्लेगचे रोगी सरकारी तपासणीपासून लपवत होते. त्याच लोकांनी सावित्रीबाईंच्या पाठीवर मूल दिलं, कारण ती बाई त्यांची होती.

लाल मणी

शहरांत पुढे मोठी हॉस्पिटलं झाली. परळचं वाडिया मुलांचं हॉस्पिटल १९२९ सालचं. पण ती शहरातल्या लोकांची. खेड्यातल्या बाळाचं काय, याचं उत्तर सापडलं ते गडचिरोलीत, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात मोठा टप्पा आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथल्याच जॉन्स हॉपकिन्समधून शिकून परत गेले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत "सर्च" ही संस्था काढली. त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तर असं आलं की तिथे सगळे पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढऱ्या कपड्यात मेलेल्याला गुंडाळतात. नातेवाइकांना राहायला जागा नसते. आणि तिथे देव कुठे असतो? मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला लोकांच्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना. "देवी काढणं" या शब्दाची मला इथे पुन्हा आठवण झाली.

पण तान्ही बाळं तरीही येईनात. १९९५-९६ मध्ये त्यांनी खेड्यांतल्या ७६३ नवजात बाळांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवलं. निम्म्याहून जास्त बाळांना, नेमकं सांगायचं तर ५४ टक्के बाळांना, उपचाराची गरज पडली. डॉक्टरी उपचार किती घरांनी शोधला? २.६ टक्के. हा आकडा वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. मला एकदम माणमधली ती बैलगाडी दिसली.

बंगांनी या लोकांना शहाणपण शिकवत बसायच्या ऐवजी प्रश्नच उलटा केला. बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाकडे का जाऊ नये? गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी तयार केलं. नाव दिलं आरोग्यदूत. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं शिकवलं. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ३९ गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५.५ वर आले होते. डिसेंबर १९९९ मध्ये हे "लॅन्सेट"मध्ये छापून आलं. २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्त्या नव्या बाळाच्या घरी जाऊन तपासणी करतात, त्याचं मूळ इथे आहे.

त्याच्याही आधी न्युमोनियासाठी त्यांनी एक साधन केलं होतं, ते वाचून मी इंजिनियर म्हणून चाट पडलो. न्युमोनियात बाळाचा श्वास जोरात चालतो हे दाईला ठाऊकच असतं. अडचण असते मोजण्याची. ज्या दाईला फारसे आकडे येत नाहीत तिने पन्नास-साठ कसे मोजायचे? मग एक लाकडी पाटी, एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्युमोनिया. संपलं! आम्ही मोठमोठी सॉफ्टवेअर लिहितो, पण इतका सुटसुटीत अल्गोरिदम माझ्या हातून आजवर झालेला नाही. ज्या माणसाला तो वापरायचा आहे त्याला काय येतं, तिथून सुरुवात केली म्हणून तो साधला.

आणि माझ्या घरी त्या रात्री काय झालं? आईच्या डोळ्यांत तो लाल मणी होता. नर्सने विचारलेला प्रश्न आणि आईने सांगितलेली खूण एकच होती. फरक इतकाच की नर्सवर माझा विश्वास होता आणि आईला मी "दृष्ट नको" म्हणून गप्प केलं होतं.

मला कोणी चुकीचं समजू नये. गुटी आणि अंगाऱ्याने न्युमोनिया बरा होत नाही. माझा मामा तीन दिवस थांबल्यामुळे गेला. पोट फुगलं म्हणून मेळघाटात बाळांच्या पोटावर तापलेल्या सळीने डागतात, त्याचं समर्थन कोणीही करणार नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की आजारी मूल घेऊन घर ज्याच्याकडे धावतं, तो जवळचा असतो, ओळखीचा असतो, परवडणारा असतो आणि अवेळी भेटणारा असतो. देवऋषी तसा होता म्हणून त्याच्याकडे गेले. टिकादार तसा होता. सावित्रीबाई तशा होत्या, आरोग्यदूत तशा आहेत. चांगलं औषध जेव्हा अशा माणसाच्या हातात आलं, तेव्हा मुलं वाचली.

इथे परदेशात आपलंही वेगळं कुठे आहे? डॉक्टरांकडे नेण्याआधी आपण नेटवर्कमध्ये आहे का बघतो, को-पे बघतो, उद्या मीटिंग आहे का बघतो, आणि "सकाळपर्यंत थांबू या का?" असं एकमेकांना विचारतो. फक्त बैलगाडी नाही, इतकंच.

दोन गोष्टी मी घरी केल्या आहेत, पटल्या तर तुम्हीही करा. एक, फ्रीजवर एक कागद लावलाय: एका मिनिटात दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतलं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा बरगड्या आत ओढत असेल, तर एक्सेल बंद करून डॉक्टरला फोन. दुसरी, भारतातून आजी-आजोबा आले की त्यांना विचारायचं, तुमच्या घरात कोणतं मूल गेलं होतं? जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी असतं आणि त्याच्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं.

आई परत जाण्याआधी एका रविवारी आम्ही गाडी काढून पकीप्सीला गेलो. दोन-अडीच तासांचा रस्ता. तिथल्या स्मशानभूमीत कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंच्या अस्थी पुरलेल्या आहेत. बर्फ थोडं उरलं होतं. आईने पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली, दगडाला दोन बोटं लावली आणि चिऊला खाली उभं केलं.

"हिचं दहा दिवसांचं होतं नाही का रे?" आईने विचारलं.

"हो."

"आमचा तेवीस दिवसांचा. त्याचं नावही ठेवलं नव्हतं."

परतीच्या रस्त्यात चिऊ आजीच्या दंडावरच्या व्रणाशी खेळत झोपी गेली.  मुलं सुखरूप असोत.